एनलार्जर भिंगांचा डिजिटल कॅमेऱ्यांवरील वापर

एनलार्जर भिंग हे डार्करूममधील एनलार्जर या यंत्रात बसवले जाणारे, निगेटिव्हवरील प्रतिमा मोठी करून प्रकाशसंवेदी कागदावर प्रक्षेपित करणारे भिंग होय. डिजिटल छायाचित्रणाच्या प्रसारानंतर बहुतेक डार्करूम बंद पडल्या व ही भिंगे वापराबाहेर गेली. मात्र योग्य अडॅप्टरच्या साहाय्याने ती आधुनिक डिजिटल कॅमेऱ्यांवर वापरता येतात. निकट छायाचित्रण, दस्तऐवज किंवा चित्रांच्या प्रतिकृती आणि जुन्या निगेटिव्हांचे डिजिटायझेशन यांसाठी ती विशेष उपयुक्त ठरतात.

रचना

निगेटिव्ह आणि कागद हे दोन्ही सपाट असल्यामुळे या भिंगांमध्ये क्षेत्रवक्रता शक्य तितकी कमी राखलेली असते. त्यामुळे प्रतिमेच्या मध्यभागाप्रमाणेच तिचे कोपरेही रेखीव येतात. दर्जेदार भिंगांत साधारणतः चार गटांत मांडलेले सहा काचघटक असतात, तर स्वस्त भिंगांत तीन किंवा चार. निकॉनची एल-निक्कॉर, श्नायडर-क्रॉइत्सनाखची कॉम्पोनॉन आणि रोडेनस्टॉकची रोडागॉन या मालिका प्रसिद्ध आहेत. ३५ मिमी फिल्मसाठी ५० मिमी, ६×६ सेंमी फिल्मसाठी ७५ किंवा ८० मिमी आणि ४×५ इंची फिल्मसाठी १३५ किंवा १५० मिमी नाभीय अंतराची भिंगे प्रचलित होती.

या भिंगांना फोकस करण्याचे कडे नसते, कारण एनलार्जरमध्ये भाता वरखाली करून फोकस साधला जातो. केवळ अॅपर्चरचे कडे असते.

कॅमेऱ्यावर बसवण्याची पद्धत

अनेक एनलार्जर भिंगांना ३९ मिमी व्यासाचे, जुन्या लायका कॅमेऱ्यांच्या मापाचे आटे असतात. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये भाता किंवा लांबी कमीजास्त करता येणारी हेलिकॉइड नळी बसवून फोकस करतात.

५० मिमी भिंग अनंतावर फोकस होण्यासाठी संवेदकापासून सुमारे तितक्याच अंतरावर असावे लागते. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांत माउंट आणि संवेदक यांमधील अंतरच बरेच असते. निकॉन एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिमी, तर कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी आहे. त्यामुळे मध्ये हेलिकॉइडसाठी जागा उरत नाही आणि ५० मिमी भिंगाने केवळ जवळच्या वस्तू टिपता येतात. आरसाविरहित कॅमेऱ्यांत हे अंतर कमी असते: सोनी ई माउंटमध्ये १८ मिमी, निकॉन झेडमध्ये १६ मिमी. म्हणूनच अशा कॅमेऱ्यांमुळे या भिंगांचा वापर सोपा झाला.

विशालन आणि प्रकाश

अनंताच्या स्थितीपासून भिंग किती पुढे न्यावे लागेल, हे नाभीय अंतर आणि विशालन यांच्या गुणाकाराने कळते. वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराइतकी मिळवण्यासाठी ५० मिमी भिंग आणखी ५० मिमी पुढे न्यावे लागते. या स्थितीत एफ/५.६ हे अॅपर्चर प्रत्यक्षात एफ/११ प्रमाणे काम करते, म्हणजे संवेदकावर एक चतुर्थांश प्रकाश पोहोचतो. अॅपर्चर फार लहान केल्यास विवर्तनामुळे रेखीवपणा घटतो. प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी हवी असल्यास भिंग उलटे बसवणे सहसा हितावह असते. त्यामुळे भिंगाची मुळात कागदाकडे असणारी बाजू संवेदकाकडे येते.

निगेटिव्हांचे डिजिटायझेशन

३५ मिमी निगेटिव्हची चौकट आणि फुल-फ्रेम संवेदक या दोहोंचा आकार २४×३६ मिमी असल्यामुळे येथे १:१ विशालन पुरते. निगेटिव्ह संवेदकाला अचूक समांतर ठेवावी लागते. अन्यथा सपाट क्षेत्राचा लाभ वाया जातो. रासायनिक बदलांमुळे रंगीत निगेटिव्हांचे रंग काळानुसार फिके होतात. त्यामुळे कौटुंबिक व स्थानिक संग्रहांच्या जतनासाठी ही अल्पखर्चिक पद्धत महत्त्वाची आहे.

मर्यादा

या भिंगांत स्वयंचलित फोकस नसतो व अॅपर्चरची नोंद छायाचित्राच्या माहितीत होत नाही. अनेक कॅमेऱ्यांत भिंगाविना शटर चालवण्याची मुभा मेनूतून द्यावी लागते. थेट प्रकाशात जुन्या लेपांमुळे उजळपणा पसरून कॉन्ट्रास्ट घटतो. त्यावर हूड हा उपाय आहे. काही भिंगांत अॅपर्चरचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून प्रकाश आत घेणारी खिडकी असते; ती काळ्या पट्टीने झाकावी लागते. दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी वाढू शकते, म्हणून जुने भिंग घेताना त्यातून उजेड पाहून काचा तपासणे आवश्यक ठरते.