टीव्हीवर चौकोन पडतायत? पॅनल बदलण्याआधी छत्री तपासा

चित्र मध्येच थांबतं, चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो. पावसाळ्यात गावोगावी हीच तक्रार. एचडी टीव्ही 'गेला' समजून काही जण थेट दुकान गाठतात. पॅनल बदलायचा खर्च अनेकदा नव्या टीव्हीच्या जवळपास जातो, आणि दोष कित्येकदा टीव्हीत नसतोच.

ओळखायची युक्ती सोपी आहे. आधी टीव्हीचाच मेनू उघडा. त्यावरही उभ्या रेघा दिसल्या तर दोष टीव्हीचा, मेकॅनिकला बोलवावंच लागेल. मेनू स्वच्छ असेल तर सेट टॉप बॉक्सचा मेनू बघा. तो लुकलुकत असेल तर एचडीएमआय केबल काढून घट्ट बसवा, नाहीतर दुसरी लावून पाहा. तोही स्वच्छ आणि फक्त चॅनलवर चौकोन, म्हणजे गडबड बहुतेक छतावर.

जुन्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी चित्र दिसायचं. डिजिटलचं तसं नाही. सिग्नल थोडा घसरला तरी बॉक्स चुका दुरुस्त करून घेतो, चित्र चकाचक राहतं. मर्यादेखाली गेला की आधी चौकोन, मग काळा पडदा. म्हणून 'कालपर्यंत तर चांगला होता' असं वाटतं.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये स्ट्रेंथ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या असतात. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी रिकामी असेल तर वाऱ्याने किंवा माकडांनी छत्री हलवलेली असू शकते, नाहीतर समोर फांदी वाढलेली. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्याकडून छत्रीचं तोंड साधारण आग्नेयेला हवं. एकाने छत्री अगदी केसभर सरकवायची आणि थांबायचं, दुसऱ्याने पट्टी बघून सांगायचं. पट्टी बदलायला काही सेकंद लागतात, घाई केली की जागा निसटते.

छत्रीजवळच्या जोडात पाणी शिरून तार हिरवी-काळी पडली असेल तर टोक कापून नवा कनेक्टर लावा, वर टेप गुंडाळा. त्याआधी बॉक्सचा प्लग काढा. याच वायरमधून छत्रीच्या एलएनबीला वीज जाते.

मुसळधार पावसात मात्र छत्रीला हात लावू नका. पाण्याचे थेंबच सिग्नल अडवतात, पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. तेव्हा फिरवलेली छत्री नंतर जागेवर आणताना नाकीनऊ येतात.

आणि चित्र फुटत नाही, नुसतं धूसर आहे? मग बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांवर जोडलाय का बघा. त्या वायरीतून एचडी येतच नाही.