इटालियन शिकताय? मग इंग्लिश बाजूला ठेवा!

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॅफेचं मेन्यूकार्ड उघडा. कॅपुचिनो, एस्प्रेसो, पास्ता... निम्मं कार्ड इटालियनच! निफाडकडे गेलात तर मळ्यातही इटालियन भेटेल. तिथल्या 'रेव्हेइलो' वायनरीने 'नेरो दावोला' आणि 'ग्रिल्लो' या सिसिलीच्या द्राक्षजाती लावल्या आहेत. नेरो म्हणजे काळा आणि आवोला हे तिकडचं गाव. थोडक्यात, 'आवोलाचं काळं'.

तरीही भाषा शिकायचा विषय निघाला की आपलं ठरलेलं उत्तर असतं, 'अरे, माझं इंग्लिशच कच्चंय, इटालियन कुठून जमणार?' खरं सांगू? इथे इंग्लिशपेक्षा तुमचं मराठी जास्त कामाला येतं.

यूट्यूबवर 'ईझी इटालियन' लावून बघा. ही मंडळी माईक घेऊन रस्त्यावर उतरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण, घर, सुट्टी असं काहीबाही विचारतात. खाली इटालियन आणि इंग्लिश अशी दोन्ही सबटायटल्स. थोडं जमायला लागलं की दाविदे जेमेल्लोचं 'पॉडकास्ट इतालियानो' ऐका.

इंग्लिश बोलणाऱ्यांना शिकवताना 'मि प्याचे' हा प्रयोग फोड करून सांगावा लागतो, कारण त्यांच्या 'आय लाइक कॉफी'ला तो उलटा वाटतो. आपल्याला काय? 'मि प्याचे इल काफ्फे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. संपलं! वस्तू अनेक असतील तर 'मि प्याच्चोनो', जसं 'मला आंबे आवडतात'. 'तो गेला' म्हणजे 'ए आन्दातो', 'ती गेली' म्हणजे 'ए आन्दाता'. आणखी भारी गंमत पुढे आहे. आपण 'भात खाल्ला, पोळी खाल्ली' म्हणतो ना? इटालियनमध्ये कर्माच्या जागी 'तो-ती' असं सर्वनाम आधी आलं की क्रियापद तसंच बदलतं. आइस्क्रीम म्हणजे जेलातो पुल्लिंगी, म्हणून 'लो मान्जातो'. पिझ्झा तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'लो मान्जाता'. लिंगं दोनच आहेत, आपण तीन सांभाळतो!

उच्चारांचंही तेच. 'पिझ्झा'चा खरा उच्चार 'पित्सा'. त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. त आणि द तर आपल्याकडे तयारच आहेत. जोडाक्षर मात्र खाऊ नका. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'हला' आणि 'हल्ला' यात जेवढा फरक, तेवढाच इथे.

व्हिडिओंमधून भाषेसोबत तिथलं रोजचं जगणंही कळतं. तिकडचा 'बार' म्हणजे आपल्या टपरीचा भाऊ, उभ्या उभ्या कॉफी मारायची आणि निघायचं. तिथे नुसतं 'लात्ते' मागितलंत तर ग्लासभर दूध येईल. युनिव्हर्सिटीत मार्क 30 पैकी, पास व्हायला 18, आणि बऱ्याच परीक्षा चक्क तोंडी. परीक्षेआधी मित्र म्हणतात 'इन बोक्का आल लूपो', म्हणजे 'लांडग्याच्या तोंडात!' त्यावर रिवाजाप्रमाणे थँक्यू नाही म्हणायचं. 'क्रेपी!' म्हणायचं, मरू दे त्याला.

आता कडू गोळी. नुसतं बघून समजायला लागतं, बोलता येत नाही. इंग्लिश सबटायटल दिसत असेल तर डोळे तेच वाचतात, कान झोपतात. त्या ओळीवर कागदाची पट्टी धरा. पाच मिनिटांचा एकच तुकडा तीनदा ऐका, थांबवून मोठ्याने म्हणा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. घरचे हसतील, हसू द्या. लेव्हल सिद्ध करायची असेल तर सिएनाच्या विद्यापीठाची 'चिल्स' आणि पेरुजाची 'चेली' या परीक्षा आहेत.

मास्टर्सला इटलीत जायचं स्वप्न असेल तर हे जास्तच मनावर घ्या. तिथे इंग्लिशमधून चालणारे बरेच कोर्स आहेत, त्यामुळे 'इटालियन कशाला?' असं वाटतं. पण पोहोचल्यावर कामाच्या 8 दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, आणि तो पोस्ट ऑफिसातून. काउंटरपलीकडच्या काकूंना इंग्लिश येईलच असं नाही. त्यांना 'चाओ' म्हणू नका. या शब्दाचं मूळ व्हेनिसच्या बोलीतलं 'आपला दास' असं असलं, तरी आज तो दोस्तांसाठीच आहे. त्यांच्यासाठी 'बुओनजोर्नो', आणि 'तू' नाही, 'लेई'. आपलं 'तुम्ही'च की!