पॅड प्रश्न विचारतो का?

विषय ऐकून काहींनी दारातच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून आता कुंग-फू?" सोडलेलं नाही. आम्ही कुंग-फू कधी शिकलो नाही, या वयात शिकण्याचा मानसही नाही. पण गेली दोन वर्षं नातीला क्लासला पोहोचवण्याचं काम आमच्याकडे आहे. डोंबिवलीत शाळेच्या मैदानाकडेला बाकावर बसून जे पाहिलं, त्यातून एक प्रश्न उभा राहिला. तो ज्ञानशास्त्राचाच आहे: एखादी गोष्ट आपल्याला 'येते', हे कशावरून कळतं?

आधी वस्तू समजून घेऊ. पॅड म्हणजे हातात धरायची जाड गादी. एकाने धरायची, दुसऱ्याने तिच्यावर ठोसे-लाथा मारायच्या. बॉक्सिंगमध्ये हा रोजचा सराव. पारंपरिक चिनी युद्धकलेचं शिक्षण मात्र वेगळ्या गोष्टींवर उभं आहे. एक, ताओलू, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. दुसरं, जोडीचा सराव. उदाहरणार्थ ताई-चीमधलं तुइशौ, हाताला हात लावून समोरच्याचा तोल ओळखणं. तिसरं, उपकरणं, विंग चुनमधला लाकडी पुतळा किंवा भिंतीवर टांगलेली पिशवी. आता या घरात पॅडला जागा आहे का, यावर भांडण आहे.

आपल्या शास्त्रीय रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडू. परंपरावादी म्हणतात, पॅड खोटं शिकवतो. पॅड धरणारा ठोसा यायच्या आधीच गादी पुढे सरकवतो, 'फट्' असा मोठा आवाज येतो, आणि मारणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे आपली! माणसाचं डोकं असं पुढे येऊन ठोसा झेलत नाही. शिवाय पॅडला हात नसतात. पकडणं, ढकलणं, स्पर्शातून हेतू ओळखणं, हे सगळं पॅडवर सुटून जातं. उरतो फक्त मारा.

उत्तरपक्षही तितकाच दणकट आहे. हवेत हजार ठोसे मारलेत तरी हवा कधी विरोध करत नाही. मनगट वाकडं पडतंय, अंतर चुकतंय, श्वास अडकतोय, हे काहीतरी लागल्याशिवाय कळत नाही. २०१७ साली चीनमध्ये शू श्याओतुंग या आधुनिक पद्धतीच्या लढवय्याने वेइ लेइ या ताई-ची शिक्षकाला काही सेकंदांत खाली पाडलं, आणि देशभर गदारोळ झाला. पण हा वाद कालपरवाचा नाही. सोळाव्या शतकात मिंग राजवटीचा सेनापती छी जीग्वांग आपल्या सैनिकी प्रशिक्षणाच्या लिखाणात हेच बजावत होता: दिसायला शोभिवंत आणि रणात निरुपयोगी हालचालींपासून सावध राहा. म्हणजे 'पॅड परदेशी आणि ताओलू अस्सल', अशी ही लढाई नाहीच. ब्रूस ली हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे विंग चुन शिकला, आणि पुढे पॅडवरचा सराव त्याने आपलासा केला.

आता आपल्या घरचं उदाहरण घ्या, मल्लखांब. पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली असं आपण मानतो. नावातच बघा, 'मल्ल' आहे. कुस्तीगिराची पकड घट्ट व्हावी, अंग लवचीक व्हावं, म्हणून तो खांब. पण खांब डाव टाकत नाही. म्हणून तालमीत खांबावरून उतरलेल्या पोराला वस्ताद हौद्यात जोडीदारासमोर उभं करायचा. तिथे खडाखडी व्हायची, समोरच्याचा जोर मानेवर यायचा, तेव्हा कुठे पोराला डाव 'कळायचा'. पुढे मल्लखांब कुस्तीपासून वेगळा झाला आणि स्वतंत्र, देखणा खेळ बनला. त्यात काही वाईट नाही. मल्लखांबपटूला आज कोणी 'कुस्ती खेळून दाखव' म्हणत नाही, आणि तोही 'मी मल्ल आहे' असा दावा करत नाही. तिथे फसवणूक नाही. पॅडचं तसं नाही. पॅड हाही बघता बघता स्वतंत्र खेळ होतो, स्नेहसंमेलनात टाळ्या घेतो, पण दावा मात्र स्वसंरक्षणाचाच राहतो. आमचा आक्षेप इथे आहे.

गिल्बर्ट राइल नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते. १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात त्यांनी घोटवणं आणि घडवणं यांत भेद केला. सैनिक बंदूक खांद्यावर घ्यायला शिकतो ते घोटून. तीच हालचाल, पुन्हा पुन्हा, विचार न करता. पण नकाशा वाचणं घोटून येत नाही, कारण प्रत्येक नकाशा वेगळा. तिथे नजर घडवावी लागते. पॅड यातला कुठला? आमचं म्हणणं, ते पॅडवर ठरत नाही, धरणाऱ्यावर ठरतं.

कसं ते सांगतो. एका शनिवारी नेहमीचे सर आले नव्हते. दुसऱ्या एका शिक्षिकेने पॅड धरला. नातीने सवयीप्रमाणे एक-दोन-तीन असे ठोसे मारले. बाईंनी दुसऱ्या ठोशानंतर एक पाऊल पुढे टाकलं आणि पॅड हलकेच तिच्या कपाळाला टेकवला. झालं! पोर जागच्या जागी थिजली. हात कमरेशी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. घरी येताना शेअर रिक्षात ती हळूच म्हणाली, "आबा, मला काहीच येत नाही का?"

मंडळी, दोन वर्षं आम्ही बाकावरून 'वा, छान' म्हणत होतो. आधीच्या एका क्लासने तर ठोसे मोजून तिला प्रमाणपत्रही दिलं होतं, आणि आम्ही ते फ्रेम करून लावलं. मुलगी चौदा वर्षांची आहे. रात्री शिकवणीहून लोकलने एकटी येते. तिला काही येत नसतं आणि ते तिला माहीत असतं, तर ती जपून राहिली असती. येत नाही आणि येतं असं वाटतं, हे जास्त धोक्याचं. न्यायशास्त्र याला विपर्यय म्हणतं, दोरीच्या जागी साप दिसावा तसं. इथे तर उलटंच, सापाच्या जागी दोरी दिसत होती. त्यात आमचाही हात होता.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. जल्प, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. वितंडा, म्हणजे आपली बाजू न मांडता नुसतं खोडून काढणं. आणि वाद, सत्य कळावं म्हणून केलेली. वादात प्रतिवादी खरा विरोध करतो, पण तुम्हाला पाडण्यासाठी नव्हे, दोघांनाही कळावं म्हणून. स्पर्धेतली झुंज हा जल्प आहे. तिचं स्थान तिला. चांगला पॅड हा वाद आहे. तो अंतर बदलतो, वेळ चुकवतो, अधूनमधून उलट येतो, तुमची चूक तुम्हाला जाणवेल इतकीच बोचवतो. आणि नुसता 'हो ला हो' करणारा पॅड? तो यांतला कुठलाच नाही. ती खुशामत झाली.

हीच कसोटी परंपरेलाही लावा. तुइशौमध्ये जोडीदार शिष्यभावाने आपणहून मागे पडत असेल, तर तीही खुशामतच. म्हणजे पॅड की परंपरा, हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. समोरचा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो का, हा खरा प्रश्न.

तेव्हा ठाणे-कल्याण-डोंबिवलीत मुलांना क्लासला घालणाऱ्या पालकांना एवढंच सांगू. पुढच्या वेळी मारणाऱ्याकडे बघू नका, धरणाऱ्याकडे बघा. तो हलतो का? मूल चुकल्यावर आवाज तसाच मोठा येतो का? मूल कधी गडबडतं का? महिनाभरात एकदाही गडबडलं नसेल, तर ते शिकत नाहीये.

नातीचं काय झालं? त्या रिक्षात आम्ही तिला म्हणालो, "आज पहिल्यांदा तुला काहीतरी कळलं." प्रमाणपत्र भिंतीवरून तिनेच उतरवलं. हल्ली घरी गादी आम्ही धरतो. वयोमानाने फार हलता येत नाही, पण कपाळाला टेकवता येते. परवा तिने मान बाजूला घेतली आणि आमचा हात अडवला. आवाज अजिबात झाला नाही.

इथे थांबतो. आता तुम्ही विचारा, आणि खुशामत नको.