वाद, जल्प आणि वितंडा

आपल्या शाळांतील वादविवाद स्पर्धेत प्रत्येकाची बाजू आधीच ठरलेली असते. विरुद्ध बाजूचा मुद्दा मनोमन पटला, तरी तसे म्हणण्याची सोय नसते.

याहून वेगळी रीत असलेली एक शालेय स्पर्धा २००७ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात सुरू झाली. तिचे नाव 'फिलॉसोथॉन'. वेगवेगळ्या शाळांतील मुलांचे मिश्र गट करून तत्त्वज्ञानातील एखाद्या प्रश्नावर चर्चा होते. बाजू कोणालाच नेमून दिलेली नसते. परीक्षक पाहतात तो तर्क, कल्पकता आणि सहकार्य.

समजा, प्रश्न असा आहे : यंत्र विचार करू शकते का? एक मुलगी म्हणते, "गणिते सोडवते, म्हणजे विचार करते." दुसरा विचारतो, "मग कॅल्क्युलेटरही विचार करतो?" तिसरी म्हणते, "उत्तर काढणे वेगळे आणि उत्तराचा अर्थ कळणे वेगळे." यावर पहिली आपले विधान सुधारून मांडते. वादविवादात ही तिची हार ठरली असती. येथे मात्र चर्चा पुढे सरकली. विज्ञानात तरी दुसरे काय घडते? गृहीतक मांडायचे, तपासायचे, टिकले नाही तर बदलायचे.

हे साम्य योगायोगाचे नाही. या स्पर्धेमागे अमेरिकन तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांची 'मुलांसाठी तत्त्वज्ञान' ही पद्धत आहे. सर्वांनी मिळून शोध घेण्याची त्यांची कल्पना चार्ल्स पर्स यांच्या विचारांतून आली. पर्स तत्त्वज्ञ तर होतेच, पण लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वाकर्षण मोजणारे वैज्ञानिकही होते.

आपल्या न्यायसूत्रांतही चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. मराठीत मात्र 'वाद' म्हणजे भांडणच होऊन बसले!

गुण आले की चढाओढ येते. मग सहकार्याचेही नाटक होऊ शकते. वर्गात मात्र गुणांची गरज नाही. चर्चेनंतर आपण एवढेच विचारावे : आज कोणाचे मत बदलले आणि कोणत्या मुद्द्यामुळे? हात वर करणाऱ्या मुलाला कोणी हसणार नाही, एवढी काळजी आपण शिक्षकांनी घ्यायची. चूक कबूल करायला मूल घाबरू लागले, तर प्रयोगवहीतही ते 'अपेक्षित' निरीक्षणच लिहील.