आजीच्या डबीतला चुना आणि अजिंठ्याची भिंत

आजीच्या पानाच्या डब्यात चुन्याची डबी असते ना? आजीलाच सांगा, "चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात कालव." (स्वतः हात लावू नका, डोळ्यात गेला तर फार वाईट.) चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या पेल्यात अलगद ओता, स्ट्रॉ बुडवा आणि हळूच फुंका. फुंकायचंच हं, ओढायचं नाही!

काय झालं? पाणी दुधाळ! तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याला भेटला आणि चुनखडीची पिठी झाली. म्हणजे फुंकर मारून तुम्ही चक्क दगड केलात!

सातशे वर्षांपूर्वी इटलीतल्या जोत्तो नावाच्या चित्रकारानं हीच करामत भिंतीवर केली. पादुआ शहरातलं एक प्रार्थनाघर त्यानं १३०५च्या सुमारास रंगवून पुरं केलं. वाळू-चुन्याचा गिलावा ओला असतानाच तो बहुतेक रंग नुसत्या पाण्यात कालवून लावायचा. ना डिंक, ना सरस. गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याची चुनखडी होते आणि रंगाचे कण तिच्यात कायमचे अडकतात. पण वाळायच्या आत हात उरकायला हवा! म्हणून आज रंगवून होईल तेवढाच गिलावा आज द्यायचा. त्या रोजच्या तुकड्यांचे सांधे जवळून पाहिले तर अजूनही ओळखू येतात.

आपल्या अजिंठ्याचे चित्रकार त्याच्याही आठशे वर्षं आधीचे, आणि त्यांची तऱ्हाच निराळी. लेण्याच्या खडबडीत काळ्या दगडावर त्यांनी चिखल थापला. त्यात भाताचं तूस आणि गवताचे धागे घातले, म्हणजे वाळताना तडे जात नाहीत. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर चिकट पदार्थात कालवलेले रंग लावले. पिवळी माती, तांबडी माती, हिरवा दगड, दिव्याची काजळी. निळ्यासाठी मात्र लाजवर्द नावाचा दगड, थेट अफगाणिस्तानातल्या डोंगरातून आणलेला! पहिल्या लेण्यातला कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी अशाच भिंतीवर उभा आहे.

जोत्तोचे रंग भिंतीत मुरलेत, अजिंठ्याचे वर बसलेत. चिखलाच्या भिंतीवर दीड हजार वर्षं रंग राहिले, म्हणून मला अजिंठ्याचंच जास्त नवल वाटतं. पण ओल लागली की असे रंग पापुद्रे धरून सुटतात, आणि आपल्या श्वासातही ओल असते. म्हणूनच तिथल्या काही लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात.

तुमची सहल अजिंठ्याला गेली, तर पद्मपाणीसमोर जरा थांबा. भिंतीला हात मात्र लावू नका. आणि फुंकर तर मुळीच नको!