हाक मारताच जोडलं जाणारं फोल्डर

मी एका छापखान्यातले संगणक सांभाळतो. सगळे लिनक्सवर चालतात. मजकूर, चित्रं, मुखपृष्ठं असतात मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर. टेबलावरच्या प्रत्येक संगणकात 'अंक' नावाचं एक रिकामं फोल्डर आहे, त्यावर सर्व्हरचं फोल्डर जोडायचं. याला माउंट करणं म्हणतात. एकदा जोडलं की सर्व्हरवरची फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडते. आमच्याकडे यासाठी एनएफएस आहे, सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेली पद्धत.

ही जोडणी रोज हाताने कोण करणार? म्हणून एफएसटॅब या फाइलमध्ये एक ओळ लिहितात आणि संगणक सुरू होतानाच फोल्डर जोडून घेतो. वीज नीट असेल तोवर हे ठीक चालतं. पण वीज जाऊन आली की सगळी यंत्रं एकदम सुरू होतात आणि सर्व्हर सर्वांत उशिरा तयार होतो. तोवर जोडणी फसलेली असते आणि 'अंक' रिकामंच राहतं. तिथे लिहायची परवानगी असेल, तर ऑपरेटरने सेव्ह केलेलं पान निमूटपणे त्याच्याच डिस्कवर जातं. पुढे सर्व्हर जोडला गेला की ते पान त्याच्याखाली झाकलं जातं. पुसलेलं नसतं, जोडणी काढली की पुन्हा दिसतं. पण अंक छपाईला जाताना हे कुणाला सुचणार?

म्हणून मी जोडणी मागणीवर ठेवतो. एफएसटॅबच्या त्याच ओळीत 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' हा पर्याय घालायचा. मग सुरू होताना संगणक फक्त पहारा बसवतो. कुणी 'अंक' उघडलं की त्या क्षणी सर्व्हरला जोडतो. सर्व्हर नसेल तर सरळ चूक दाखवतो, आणि पान भलत्या जागी पडत नाही. माझ्या लेखी हाच मोठा फायदा आहे. ऑटोएफएस हा जुना प्रोग्रामही हेच काम करतो. फोल्डरं पुष्कळ असतील तर तोच बरा.

फोल्डर एनएफएसऐवजी विंडोजच्या पद्धतीने वाटलेलं असेल, तर सहसा पासवर्ड लागतो. तो एफएसटॅबमध्ये लिहू नये, ती फाइल संगणकावरच्या कुणालाही वाचता येते. वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि ती वाचायचा हक्क फक्त रूटला, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याला, द्यावा.

काम चालू असताना सर्व्हर बंद पडला, तर एनएफएस तो परत येईपर्यंत थांबून राहतं. स्क्रीन गोठल्यासारखी दिसते, लोक वैतागतात, आणि कुणीतरी 'सॉफ्ट' हा पर्याय सुचवतं. ज्या फोल्डरवर लिहायचं आहे तिथे तो लावू नका. त्यात ठरावीक वेळाने प्रयत्न सोडून दिला जातो, आणि अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते.