यंत्राचा वेग आणि यंत्राचा दम



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने संगणकाविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. शाळा मी लवकर सोडली. जे शिकलो ते रात्री पुस्तके वाचून आणि दिवसा कारखान्याच्या दारात. परंतु यंत्राचा वेग वाढविणे हा विषय मला परका नाही. माझी निम्मी भांडणे त्यावरच झाली आहेत.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने लोणावळ्यास खेळांसाठी एक संगणक जुळविला. "काका, कंपनीने ४.२ लिहिलंय, मी ४.७ वर चालवतोय," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. ह्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आमच्या संघटनेच्या वर्गणीचा हिशेबही त्याच यंत्रावर असल्यामुळे मी जरा कान टवकारले.

भजनात टाळकरी मृदंगाच्या ठोक्यावर चालतात, त्याप्रमाणे संगणकाचे सारे काम ठोक्यावर चालते. मदरबोर्डचा मूळ ठोका सेकंदाला १० कोटी. प्रोसेसर त्याला ४२ ने गुणतो आणि ४२० कोटी ठोक्यांनी काम करतो. गुणक ४७ केला की ४७० कोटी. मात्र लय वाढली की मागच्या रांगेतला टाळकरी चुकतो. तसेच येथे एखादा विद्युत्संकेत पुढच्या ठोक्यापूर्वी पोहोचत नाही, आणि शून्याच्या जागी एक वाचला जातो.

मग कंपनी कमी वेग का लिहिते? एकाच भट्टीतल्या विटा सारख्या भाजत नाहीत, तसे एकाच कारखान्यातले सगळे प्रोसेसर सारखे निघत नाहीत. त्यांची पारख करून शिक्के मारतात, आणि उष्ण हवा व म्हातारपण ह्यांसाठी थोडी सूट राखतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर निघाला. मदरबोर्डचा मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेताच ३०० चा हा प्रोसेसर ४५० ने धावे, आणि पुष्कळांनी तो तसा धावविला.

ही सूट फुकट मिळत नाही. संकेत लवकर पोहोचावा म्हणून विजेचा दाब वाढवावा लागतो, आणि उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुतण्याने दाब १.२० वरून १.३५ व्होल्ट केला होता. हिशेब मांडून पाहा: वेग वाढला शेकडा १२, उष्णता वाढली शेकडा ४२ च्या आसपास!

हा भार मदरबोर्डवर पडतो. वळवणचे पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरते तेव्हा दाब प्रचंड असतो, म्हणून थोड्या पाण्यात पुष्कळ काम होते. १९१५ पासून ते चालू आहे. येथे नेमके उलट असते. सव्वा व्होल्टवर १५० वॅट द्यावयाचे, तर प्रवाह १२० अँपिअर लागतो. आपल्या घरातले मोठे सॉकेट १६ अँपिअरचे! १२ व्होल्टचा दाब खाली उतरवून एवढा लोंढा पुरविणारी जोडणी प्रोसेसरच्या शेजारीच असते. तिचे भाग आळीपाळीने भार उचलतात. स्वस्त बोर्डात ही माणसे थोडी, म्हणून ती लवकर तापतात.

पुतण्याची परीक्षा काय होती? यंत्र सुरू झाले, अर्धा तास खेळ चालला, झाले! मला एका कारखान्यातली आठवण झाली. तेथे सकाळी, ताज्या दमाच्या, सर्वांत चपळ कामगारासमोर घड्याळ धरले, आणि तेवढेच काम वर्षभर सर्वांवर लादले.

एप्रिलमध्ये त्याने बिऱ्हाड तळेगावास हलविले. माळ्यावरची खोली, दुपारचे ऊन. यंत्र बंद पडले नाही, ही खरी गंमत. दोन वर्षांच्या वर्गणीची फाईल मात्र उघडेना. त्याने स्मृतीचाही, म्हणजे रॅमचाही, वेग वाढविला होता. तिने चुकीचे आकडे धरले आणि तेच मुकाट्याने लिहून ठेवले.

नंतर आम्ही पद्धतशीर बसलो. सगळे मूळ ठिकाणी आणले. रॅम एकटी तपासली, रात्रभर. मग गुणक एकेक पायरी चढविला आणि प्रत्येक पायरीवर प्राइम९५ चालविले. मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्यांचा हा कार्यक्रम. त्याच्या परीक्षेतली उत्तरे आधीच ठाऊक असतात, म्हणून एक आकडा चुकला तरी पकडला जातो. मुद्दाम भर दुपारी, पंखा बंद करून, कित्येक तास. ४.७ वर सतरा मिनिटांत चूक. ४.६ वर तिसऱ्या तासाला. ४.५ वर, दाब थोडा उतरवूनही, संध्याकाळपर्यंत एकही नाही.

"पण काका, लोणावळ्याला थंडीत ४.७ चालत होता," तो म्हणाला.

"चालत असेल. पण तुला राहायचं आहे तळेगावात."

४.४ वर ठरले. रॅम मूळ वेगावरच. पावतीपुस्तके सुदैवाने माझ्या कपाटात होती. रविवारी तो आकडे वाचतो आणि मी टंकतो; फेब्रुवारीपर्यंत आलो आहोत.